पेशंट शुद्धीवर आहे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, मेट्रन मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मोठ्या ताई, शेजारी बसलेली त्यांची लेक, आणि समोरच्या सगळ्या सिस्टर, मावशी आणि मामा लोकांनो, सर्वांना माझा नमस्कार.

वॉर्डातली सगळ्यांत धाकटी म्हणून मला बोलायला उभं केलंय. भाषण लिहून आणलं होतं. ते आता वाचवत नाही. का, ते सांगते.

ज्यांच्यावरचे इलाज संपलेत अशा माणसांचा आमचा वॉर्ड. तो ताईंनी उभा केला, हे आत्ता प्रत्येकाने सांगितलं. पण ताईंचा तिथला कायदा कोणी सांगितला नाही. पेशंटच्या अंगावरून बोलायचं नाही. कॉटच्या एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला नातेवाईक, आणि मधल्या माणसाचं जेवण, झोप, दुखणं त्यालाच वगळून ठरवायचं, हे चालायचं नाही. स्टूल ओढायचं, बसायचं आणि त्याला विचारायचं. वाचा गेलेल्या एका आजोबांनाही ताई विचारायच्या, "बाबा, कूस बदलू का? नको असेल तर डोळे मिटा." आजोबा डोळे टक्क उघडे ठेवायचे! ताई म्हणायच्या, "बघ, मत आहे त्यांना."

माझं पहिलं शिक्षण मात्र घरातलं, आत्याच्या हाताखालचं. आजारी माणसासमोर हसतमुख राहायचं, खरं काय ते व्हरांड्यात बोलायचं. ही सवय ताईंनी मोडली, असं मी धरून चालले होते.

आज ताई स्वतः आजारी आहेत. नोकरी सोडून त्या आरामाला चाललेल्या नाहीत, हे या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ताईंनाही. तरी इतका वेळ आपण काय बोललो? "लवकर ठणठणीत व्हा." "पुढच्या सहलीला तुम्ही हव्यातच." त्यांना पेलवणार नाही एवढा पुष्पगुच्छ दिला, आणि फोटो होईपर्यंत लेकीने तो खालून धरून ठेवला.

आणि मी? मघाशी पाणी घेऊन गेले आणि ताईंच्या डोक्यावरून लेकीला विचारलं, "काही खाल्लं का हो त्यांनी? झोप लागते का?"

खुर्चीतून ताई म्हणाल्या, "अगं, पेशंट शुद्धीवर आहे."

लेक हसली, मीही हसले. मग मात्र ताईंकडे बघायची हिंमत होईना. अजून होत नाहीये.

लेक म्हणते, आईला माझ्या घरी नेते. डॉक्टरसाहेब म्हणतात, अजून एक उपचार करून पाहू. आम्ही म्हणतो, आपल्याच वॉर्डात खिडकीजवळची कॉट देऊ. जिन्यात, चहाच्या टेबलाशी हेच चाललंय. सगळ्यांचा जीव आहे त्यांच्यावर, म्हणूनच. पण ताईंना विचारलंय कोणी? ज्याने विचारलं असेल त्याने हात वर करावा.

माझाही हात खालीच आहे.

अध्यक्ष महोदय, यानंतर आपलं भाषण आहे. परवानगी असेल तर ते जरा थांबवावं. मामा, ते कोपऱ्यातलं स्टूल इकडे द्या, आणि माइक बंद करा. हे उत्तर हॉलसाठी नाही.

आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझ्या वयाला न शोभणारं काही बोलले असेन, तर घरची पोर म्हणून पोटात घाला.

ताई, मी बसतेय. तुम्हाला कुठे राहायचंय? आत्ता सांगायचं नसेल, तर डोळे मिटा.