आला बघा मेला!

बाळाला लस टोचायला नेलं होतं. दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक सासू-सून बसल्या होत्या. सासूबाई रुमालानं डोळे पुसत होत्या.

“आई, पुरे आता. मालिकेतला खलनायक तो! रोज शिव्या घालायचात त्याला.”

“म्हणून तर गं. इतकी वर्षं तो टीव्हीवर दिसला की म्हणायचे, ‘आला बघा मेला!’ आणि काल खरंच गेला.”

“तुमच्या म्हणण्यानं कुणी जात असतं, तर तुमचा मुलगा...”

“गप! जीभ आवर.”

“मग? त्यांना उठता-बसता मेला म्हणता. दूधवाल्याला म्हणता. मिक्सरलासुद्धा म्हणता.”

“मिक्सर गेलाच की परवा!”

“तो जुना होता, आई.”

“हा कुठे जुना होता? हसला की गालाला कशी खळी पडायची! कटकारस्थानं करतानासुद्धा गोड दिसायचा. त्याच्यासाठीच तर बघायचे मी.”

इतक्यात आत कुणाला तरी सुई टोचली. ते रडणं ऐकून माझ्या बाळानंही भोकाड पसरलं. सासूबाई वाकल्या.

“काय झालं रे, मेल्...”

त्यांनी जीभ चावली. माझ्याकडे पाहिलं. मग बाळाचं पाऊल हळूच हातात घेतलं.

“शंभर वर्षं जगणाऱ्या, एवढं रडतात का रे?”