अयुथ्याले मागं राह्यलेली सवारी

...अन् वरून टूर मॅनेजर मलेच म्हनते, "काका, तुमी सांगून काऊन नाही थांबले?" आता तुमाले सांगतो, सांगून थांबलो असतो तं मागं राह्यलो असतो काय? एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. पिंपळगाव राजाच्या बाजाराच्या दिवशी दारात लोक लटकाचे, पन एक सवारी मागं टाकली नाही. अन् मले, पंजाबरावले, टाकलं कुठं, तं थायलंडात!

झालं असं, रिटायर झाल्यावर मी अन् माही बायको रेणुका टूरवाल्यासंगं अयुथ्याले गेलो. अयुथ्या म्हंजे तिथली जुनी राजधानी. आता निरे विटांचे ढिगारे, पडके स्तूप, अन् भिंतीच्या कडेनं वळीनं बसलेल्या बुद्धाच्या मूर्त्या... एकीलेही डोकं नाही. गाईड म्हने, शत्रूच्या फौजेनं तोडले. म्हनला अन् चालला पुढं, जसा टमाट्याचा भाव सांगितला! माह्यानं नाही हाललं तिथून. घरी रोज ज्याच्यापुढं मेणबत्ती लावतो, त्याचं नुसतं धड पाहून पाय उचलते काय कोनाचा? दहा मिनिटं उभा राह्यलो असीन. वळून पाहतो तं मानूस नाही, अन् बाहेर गाडी नाही. मोबाइल? थो गाडीत, चार्जिंगले.

गाडी गेली कशी? तं आमचा हा टूर मॅनेजर, गोकुळ, कानाले फोन लावून हवेतल्या हवेत बोटानं मोजते, अठ्ठावीस, चलो. अन् अठ्ठावीस भरले कसे? दुसऱ्याच टूरचा एक मानूस चुकून आमच्या गाडीत चढला अन् माह्या सीटवर तोंडावर टोपी घेऊन झोपला. अबे, डोके नको मोजू, तोंडं पाह्य ना! एकतीस वर्षं... जाऊ द्या. रेणुकाले गाडी लागते म्हनून थे समोर बायांत बसलेली, तिले वाटलं मी मागं हाओ.

बसलो मंग एका ढिगाऱ्यावर, तं तिथल्या चौकीदार बाईनं शिट्टी वाजवली, बसू नका म्हनून. मी रागारागात हिंदीत सांगून राह्यलो, थे तिच्या भाषेत, दोघायचंही दोघायले कळेना. शेवटी थकलो, मूर्तीकडं तोंड केलं, हात जोडले अन् त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हनाले लागलो. तं मागून तिचाही आवाज. चाल येगळी, उच्चार येगळे, पन शब्द थेच, पालीतले. शेवटपर्यंत म्हनलो दोघंही. मंग तिनं मले सावलीत स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, डब्यातला भात देल्ला. डोकं तापलेलंच होतं, पन घास उतरला बा.

दीड घंट्यानं थो झोपलेला उठला, ही कोनती गाडी म्हनून इचारलं, तवा कुठं या लोकायले माही आठवन आली! गाडी आली तसा मी गोकुळले झापाच्या तयारीतच होतो, एकतीस वर्षं एक सवारी... पन दार उघडलं अन् पयले रेणुकाच उतरली, डोये लाल. धावत आली, माहा दंड चाचपून पाह्यला. म्या म्हटलं रडू नको, बरा हाओ मी, अन् समदं सांगितलं, थे बाई, त्रिशरण, भात. तिनं ऐकून घेतलं, मूर्त्यायकडं एकडाव पाह्यलं अन् म्हने,

"एवढं चांगलं एकट्यानंच केलं? मले काऊन नाही थांबवलं?"

घ्या. आता सोयऱ्याधायऱ्यात जाईल तिथं सांगते, हे मले गाडीत बसवून एकटेच वंदना करून आले. अन् मीबी आता मान डोलवून हाव म्हनतो.