ओवलेल्या सुया

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधासाठी थांबलो होतो. शेजारी शिवणकाम करणारी एक आजी आणि तिची नात बसली होती.

“आजी, परगावच्या कॉलेजात नंबर लागलाय. पण मी नाही जाणार.”

“का गं? तुझे आईबाप गेल्यावर तुला मांडीवर घेऊन मशीन चालवलं, ते असं घरी बसवायला?”

“काजं-बटणं करताना सुईत दोरा कोण ओवून देईल? नजर आता एवढीच राहणार, म्हणाले ना डॉक्टर.”

“मग जायच्या आधी ढीगभर सुया ओवून ठेव. काळ्या दोऱ्याच्या वेगळ्या, पांढऱ्याच्या वेगळ्या.”

“अशा किती दिवस पुरतील?”

“पुरवून पुरवून वापरीन.”

“आणि संपल्या की?”

“तोवर तुला सुट्टी लागेल की गं.”