चार नंबरच्या मोज्यातली बाटली

जबाब. दि. २३ जानेवारी.

मी रेजिस वाल्तो, वय ५८ वर्षे, धंदा द्राक्षमळा व वाइन करणे, रा. व्हेर्सोल, बोनजवळ, बरगंडी. समक्ष ठाण्यात येऊन सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी ओदिलसह राहण्यास आहे. धाकटा भाऊ दिदिए याचे घर भिंतीपलीकडे आहे. वडिलांचा मळा मधोमध दोरी लावून आम्हां दोघांत वाटला गेला. थोरला म्हणून आधी निवड माझी होती. मी वरचा भाग घेतला. गेली नऊ वर्षे लोक वाइन घ्यायला लांबून येतात आणि माझ्या फाटकावरून पुढे भावाकडे जातात. मी पाटी मोठी केली, तरी जातात.

काल द्राक्षमळेवाल्यांचा संत व्हिन्सेंट याच्या सणाचे जेवण दुपारी १२.३० वाजता गावच्या सभागृहात होते. रिवाजाप्रमाणे सर्वांच्या बाटल्या लोकरी मोज्यांत घालून, नंबर लावून ठेवल्या होत्या, म्हणजे चाखणाऱ्यास कोणाची वाइन ते कळू नये. सात नंबरचा घोट घेऊन मी म्हणालो, "ही आमच्या दिदिएची. कच्चीच तोडलीत द्राक्षं. नुसता टेंभा मिरवतो!" चार नंबर चाखल्यावर मी उभा राहिलो. "ही माझी. ओदिल, आज बाबा असते तर रडले असते गं." माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते रश्श्याच्या वाफेने आले.

२.१० च्या सुमारास मोजे काढले. चार नंबर भावाची व सात नंबर माझी निघाली. सगळे हसले. भाऊ हसला नाही. हळूच म्हणाला, "दादा, तुला आवडली ना? मग बास." याचा मला अत्यंत राग आला. मी त्याचा पेला जमिनीवर आपटला.

चाखून झाल्यावर भावाने मोजे बदलले असा माझा संशय आहे. माझ्या बाटलीवर सात नंबरचा मोजा ओदिलने चढवला होता व काढतानाही तोच होता, असे ती म्हणते. बुचांवर ज्याची त्याची नावे होती, हे विचारल्यावरून सांगतो. मला भावाचा हेवा वाटतो असेही ती म्हणते. वाटतो.

पुरावा म्हणून चार नंबरची अर्धी बाटली मी घरी नेली होती. आज हजर केली ती रिकामी आहे. सकाळी तपासणीसाठी मीच प्यायलो. एका पेल्यात खात्री होईना.

हे सर्व मला वाचून दाखवले. बाबांबद्दलचे वाक्य काढावे, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, "काढतो. पण खोटं आहे का ते?"

खोटे नाही. वाक्य राहू द्यावे, मोज्यांची तक्रार काढावी. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.