लाल आहे म्हणजे लाल आहे

...आणि वर मलाच म्हणतात, इंगी, तू फार अडेल आहेस. आता तुम्हीच सांगा, मुलांच्या दवाखान्यासाठी वेबसाइट करायची, बाळाचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते ती सांगणार, आणि तिचा हिशेब बरोबर येतो का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या नाहीत? मी लिहिल्या. टाइप चेकरही चालू केला, म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरं घुसली की तो बोंब मारतो. मारलीच त्यानं. स्क्रीन लालेलाल.

मागे आमचे मालक वगदीसाहेब, चहाचा ग्लास घेऊन उभे. "बाशमुहंदिसा, अहो इंजिनिअरबाई, हे लाल काय?"

म्हटलं, "चुका आहेत. तुम्ही लिहिलेल्या पानात."

"मग तो चेकर बंद कर ना, हबीबती. गुरुवार आहे, उद्यापासून सुट्टी, दवाखान्याच्या डॉक्टर समीहा साइट बघायला येतायत, कुणाला दिसणारेय तुझं लाल?"

म्हटलं, नाही करणार. लाल आहे म्हणजे लाल आहे.

"अगं, पण साइट चालतेय ना?"

चालतेय हो... ब्रेक गेलेली ट्रामसुद्धा चालतेच की, पार समुद्रापर्यंत.

तेवढ्यात डॉक्टर आल्याच. साहेब लगेच गोड आवाजात, "सगळं तयार आहे, फक्त आमच्या इंजिनिअरबाईंचा मूड जरा..." मूड? तुम्हाला सांगते, मी खुर्चीच वळवून दिली. म्हटलं, "डॉक्टर, बाळ आठ किलोचं होतं, एक किलो वाढलंय. टाका."

त्यांनी टाकलं. वजन आलं एक्याऐंशी किलो. आठाला एक चिकटवला त्या मेल्या पानानं, शब्दाला शब्द चिकटवावा तसा, कारण वजन म्हणजे आकडा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खाली औषध... अख्खी बाटली.

साहेब म्हणतात, "माशाल्ला, बाळसं छान धरलंय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "माझ्या लक्षात आलं असतं, वगदी. पण गर्दीत, दमलेल्या नर्सच्या?" पर्स उचलली. "या मुलीची स्क्रीन हिरवी झाली की फोन करा."

साहेबांचा चहा गार. मला म्हणतात, "गिऱ्हाइकासमोर लाज काढलीस." काढली. काढेन. लाल आहे म्हणजे लाल आहे.

सुट्टीभर बसून हिरवी केली, डॉक्टरांनी साइट घेतली. आणि आता साहेब येईल त्याला ऐकवतात, "टेस्टशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही, माझा आग्रहच असतो तसा." वर सगळ्या ऑफिसच्या टेस्ट माझ्या गळ्यात. नाही म्हणणार होते हो... पण दुसऱ्यांनी लिहिलेल्या टेस्टवर माझा विश्वास आहे कुठे?