सुंदरा मरायला नाही म्हणते

...अहो, पण मरायचं नाही म्हणजे काय! येसाजी मास्तरांनीच जिला जन्माला घातली, नाक दिलं, डोळे दिले, डाव्या गालावर तीळसुद्धा दिला, तीच बाई त्यांच्याच ओटीवर येऊन त्यांनाच म्हणते, "मी नाय मरायची!" आता बोला!

तुम्हाला सांगतो, चूक असेल तर ती त्या लढाईची. त्रेचाळीस साल, कागदाची ही टंचाई! खालापूरच्या शाळेत पोरं पाटीवर भागवत होती, आणि मास्तर मात्र चार वर्षं कादंबरी लिहीत होते... मोळ्या विकणाऱ्या सुंदराची. नवरा मेलेला, दीर छळतोय, सगळं कसं रीतसर. तर मुंबईहून प्रकाशकाचं पत्र, "कागद मिळत नाही. चाळीस पाने कमी करावीत. नायिकेस लवकर मारावे, वाचकही रडतील."

मास्तरांना वाईट वाटलं नाही असं नाही हो. पण पहिलं पुस्तक! छापून यायला नको? रविवारी दुपारी जेवून ओटीवर बसले, टाक दौतीत बुडवला, सुंदराला पाताळगंगेच्या डोहात गुडघाभर उतरवली आणि लिहिलं, "तिने डोळे मिटले आणि..."

"पानी लई गार हाय, मास्तर."

वर बघतात तर पायरीवर बाई! लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावर मोळी, डाव्या गालावर तीळ! मोळी धाडकन अंगणात टाकली.

"कोण गं तू?"

"घ्या! तुमीच लिवलंय आन् तुमीच इचारता? कागद नाय म्हून मानूस मारतात व्हय? मी नाय मरायची!"

मास्तर खवळले. शाळेतला आवाज काढला, "सुंदरा! मी सांगेन तसं वागायचं!" अख्खी शाळा गप्प होते हो या आवाजाला! ही होते का?

"दीर मारत व्हता तवा कुटं व्हता तुमी? दीडशे पानं नुसती रडवलीत, येक शब्द बोलू दिला नाय. आन् आता म्हनता, गप मर?"

आता बोला! बरं, घरातून तरी आधार? मास्तरांच्या मंडळी चंद्राबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणतात कशा, "खरंच बोलतीय ती. बस गं, भाकर खा." स्वतःच्या घरात ही दशा!

"साप चावला तर?" मास्तरांनी हळूच सुचवलं. "चटकन होईल."

"नाय."

"पटकी?"

"मास्तर, नाय म्हंजे नाय!"

रडकुंडीला आले बिचारे. "अगं, मग चाळीस पानं कमी करू कुठून?"

"पयली चाळीस फाडा की! डोंगर, चांदनं, वारा... मानूसच नाय त्यात!"

अहो, ती पानं! माथेरानच्या डोंगरावरचं चांदणं! दोन वर्षं घासून लिहिलेलं! मास्तरांनी ती छातीशीच धरली. "ही माझी पानं आहेत!"

"आन् ह्यो माजा जीव हाय."

ओरडली नाही बघा, नुसती म्हणाली. पण डोहाच्या त्या पानाकडं काही बघेना. मास्तरांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं, एवढी भांडते खरी, पण ही भ्यायलीय.

छातीशी धरलेली पानं खाली घेतली... आणि टर्रकन! चाळीसच्या चाळीस! वर प्रकाशकाला पत्र, "नायिका मरणार नाही. छापायची तर जिवंत छापा."

मग तीन दिवस ती शेवटची पानं नव्यानं सांगत होती, मास्तर लिहीत होते. कर्जतच्या बाजारात चारचौघांत दिराला काय सुनावलं तिनं! मास्तरांनी मध्येच विचारलं, "इथे एखादा अश्रू घालू का?"

"घालून तर बगा!"

चौथ्या दिवशी सकाळी शेवटची ओळ झाली. सुंदरानं मोळी उचलली आणि तडक कर्जतच्या रस्त्याला लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

पुस्तक निघालं हो! जिवंत निघालं, खपलंही! परवा लडकू तलाठ्यानं मास्तरांना भर रस्त्यात गाठलं, "वा मास्तर! काय बोलते हो ती बाई! पण मला सांगा, यात तुमचं नेमकं काय?"

मास्तरांनी खूप विचार केला.

"पूर्णविराम," म्हणाले. आणि चार पावलं पुढं जाऊन परत वळले, "तेही तिला विचारून."