देवीच्या आरशाची डावी बाजू

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. माझा आवाज बारीक, मागच्या खांबापर्यंत पोचेल याची मला स्वतःलाच खात्री नाही! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. आपण एक चूक केली — लपवली. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. मग ती चूक गेली कुठं? विरघळली? उडून गेली? की कुठं तरी जाऊन बसली?

पोथ्यांत पुष्कळ शोधलं. मला सापडलं नाही. माझंच वाचन कमी पडलं असेल. सापडलं ते एका आरशात! ऐका.

सावंतवाडीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी एक देवी आहे. मूर्ती लाकडाची, रंगवलेली. आता सांगा, लाकडाच्या मूर्तीला अभिषेक घालायचा कसा? रंग जाईल, लाकूड कुजेल! मग जुन्या माणसांनी युक्ती काढली. देवीसमोर आरसा उभा करायचा. आरशात देवीचं रूप उमटलं, की त्या रूपाला स्नान! पाणी काचेवर — आणि न्हाऊन निघते देवी!

आणि आरसा कसला? अस्सल विलायती! कुण्या सरदारानं दोनशे वर्षांपूर्वी नवसाला वाहिलेला, पुरुषभर उंच. त्या वेळी तिकडं म्हणे लोक वेलबुट्ट्यांना कंटाळले होते. आधीच्या खुर्च्यांचे पाय असे वाकडे, की वाटावं खुर्ची आता पळणार! मग जमिनीखाली गाडली गेलेली जुनी रोमन गावं खणून निघाली आणि सगळ्यांना त्या सरळपणाचं वेड लागलं. टेबल सरळ, कपाट सरळ, आरसासुद्धा देवळाच्या दारासारखा! दोन बाजूंना दोन खांब, खांबांवर उभ्या खाचा, वर मधोमध एक कुंभ, कुंभाच्या दोन्ही अंगांनी पानांच्या माळा, कडेनं मण्यांची ओळ. जसं डावं, तसंच उजवं. आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख!

त्या आरशाची सेवा गुरवांच्या घराकडं. रवळू गुरव, त्याआधी त्याचा बाप. अभिषेकाच्या वेळी काचेखाली कापडाची जाड वळकटी लावायची, चौकटीला थेंब लागू द्यायचा नाही. कुणी कौतुकानं बोट लावायला गेला, की रवळू खेकसायचा — "हात लावू नका!"

लोक म्हणत, काय हा तोरा! आरसा देवीचा, की ह्याच्या सासऱ्यानं दिलेला?

आता उत्सव चार दिवसांवर आला, आणि मुंबईहून एका संग्रहालयातल्या वृंदाताई रेगे आल्या. जुन्या लाकूडसामानातल्या जाणकार. देवस्थानचे प्रमुख तात्या सामंत हौसेनं बाजूला उभे. बाईंनी भिंग काढलं, विजेरी लावली, आणि म्हणाल्या —

"उजवीकडं सोनं आहे. डावीकडं नाही. डावीकडं पितळेच्या भुकटीचा रंग आहे."

झालं! सभामंडपात कुजबुज सुरू. सोनं गेलं कुठं? आणि मंडळी, असा प्रश्न निघाला की लोक शोधत नाहीत — लोक बघतात! सगळे रवळूकडं बघायला लागले.

"म्हणून हात लावू देत नव्हता होय?" तात्या म्हणाले. "खरवडून खाल्लंस देवीचं सोनं!"

"तात्यानू, देवीशपथ! माका काय ठाऊक नाय!"

"चार वाजता सगळ्यांसमोर निकाल करू. तोवर किल्ल्या दे. आणि बाबल, तू या कामातला माणूस. तू बघ, आणि सांग."

बाबल म्हणजे बाबल चितारी. साठीचा. पालख्या, मखरं, देवाचे पाट — सोन्याचा वर्ख चढवावा तर बाबलनं! पंचक्रोशीत त्याचा शब्द शेवटचा. तो आरशाजवळ गेला. बघितल्यासारखं केलं. म्हणाला, "चार वाजता सांगतो." आणि घाईघाईनं पायऱ्या उतरला. एक वहाण उलटी घालून!

का हो? कारण त्याला बघायची गरजच नव्हती. तो रंग त्यानंच दिला होता!

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबल नवाजला जाऊ लागला होता. उत्सवाआधी आरसा पुसायला त्याला बोलावलं. रवळूचा बाप कळवळून म्हणाला, "बाबल, चौकटीला पाणी नको हां." बाबल हसला — "सोन्याला पाणी काय करतंय, आबा?" म्हातारा नैवेद्याच्या तयारीला गेला, आणि ह्यानं ओलं फडकं घेतलं.

आता ऐका. बाबल शिकला तेलावरचं काम. वर्ख तेलावर बसवला, की वरून खुशाल पाणी ओता. पालखी भिजते, सोनं हलत नाही. पण हा आरसा वेगळ्या रीतीचा. लाकडावर खडू नि सरस, त्यावर सरसातली लाल माती, ती माती पाण्यानं ओली करून वर्ख टेकवायचा, मग अकिकाच्या खड्यानं घासून घासून चमकवायचा. असं सोनं पाण्यानं बसतं आणि पाण्यानंच उठतं! बाबलला ते ठाऊक नव्हतं. डावा खांब पुसला, माळ पुसली, मागं सरून बघतो तर — खांब लालभडक! आणि सोनं? फडक्याला!

सांगता आलं असतं. तोंड उघडलं असतं तर दोन शिव्या, चार दिवस नाचक्की. पण नाव नुकतं होत होतं ना! घरी धावला, पितळेची भुकटी रोगणात कालवली, आणि झाकून टाकलं. कुणाला कळलं नाही. हळूहळू डावी बाजू काळवंडली. लोक म्हणाले, जुनं झालं.

त्या दुपारी बाबल घरी आला. बसला, उठला, परत बसला. बायको सुंदराबाईनं पान वाढलं. "जेवतास ना? भात निवता."

"भूक नाय."

"मगे असे फेऱ्या कित्याक? जमीन मोजूक घेतलास?"

तो बाहेर पडला. बाजारातून गेला, नदीपर्यंत गेला, परत फिरला. मनाला समजावी — मी काही चोरी केली नाही. रवळूनंही केली नाही. आज ना उद्या सुटेल तो. मग मीच कशाला मध्ये? मंडळी, आपलं मन फार हुशार वकील आहे हो! फी घेत नाही, आणि खटला मात्र आपलाच बुडवतं!

पाय न्यायचे तिथंच घेऊन गेले. रवळू ओट्यावर बसून अभिषेकाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होता. सेवा जाणार, तर भांडी परत द्यायची तीही लखलखीत द्यायची!

"बाबल, बरा झाला इलंस," तो म्हणाला. "तुझ्यार भिस्त. तू सांगलंस, की लोक ऐकतले."

बाबलनं मान फिरवली आणि आल्या पावली निघाला.

चार वाजले. मंडप भरला. तात्यांनी विचारलं, "बोल बाबल. कुणी खरवडलं सोनं?"

"कुणी खरवडलं नाही. मी पुसलं. ओल्या फडक्यानं. बत्तीस वर्षं झाली."

मग तात्या हसले! "अरे, दोस्ती समजते आम्हाला. पण तुझ्यासारखा कारागीर सोन्याला ओलं फडकं लावील? रवळूसाठी खोटं बोलू नकोस!"

बघा कशी तऱ्हा! खोटं बत्तीस वर्षं चाललं, आणि खरं एक क्षण चालेना!

बाबल उठला. खांद्यावरच्या पंच्याचं टोक तांब्यात बुडवलं आणि उजव्या खांबाशी गेला. वृंदाताई ओरडल्या, "थांबा! अहो, थांबा!" तोवर अंगठ्याएवढी जागा पुसून झाली होती. त्यानं पंचा वर धरला. टोकाला सोनं, आणि खांबावर लाल माती!

वृंदाताईंनी डावीकडचा पितळी रंग पात्यानं जरासा उचलला. खाली तीच लाली. "खरवडलं असतं तर ओरखडे दिसले असते," त्या म्हणाल्या. "इथं एकही नाही. ते खरं सांगताहेत."

तात्यांनी मुकाट किल्ल्या रवळूच्या हातात ठेवल्या. बाबलनं त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

आता तुम्हाला वाटलं असेल, रवळूनं उचलून मिठी मारली! मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. नाही, मंडळी. रवळू तसाच उभा राहिला. मग हळू बोलला —

"बाबल, त्या उत्सवानंतर माझ्या बापानं खांब बघलो. रंग बदललेलो. त्येका वाटला, अभिषेकाचा पाणी आपल्याच हातान सांडला. हात थरथरलो असतलो, असा तो म्हणालो. सेवा माझ्याकडे दिली. मरासर सात वर्षां — देवीसमोर उभो रवाक नाय. दारातसून हात जोडी, आणि जाय." त्यानं किल्ल्या कनवटीला लावल्या. "तेवा सांगूचा होतास, रे."

आता बाबल सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं, तो माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाली होती!

तर मंडळी, चूक विरघळत नाही. ती दुसऱ्याच्या घरी जाऊन राहते. तो बिचारा तिला आपलीच समजून सांभाळतो, तिच्यापायी देवासमोर उभं राहायला लाजतो — आणि आपण इथं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो!

इथं असा कुणी बसला असेल. दोघं असतील. मीही त्यात नाही, असं छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाही. पण आपली चूक कुणाच्या घरी राहते, ते नाव ज्याला त्याला आठवलं असेल. भावाचं असेल, शेजाऱ्याचं असेल, जुन्या नोकराचं असेल. तो अजून आहे का? चालता-बोलता आहे?

मग आरतीला थांबू नका. वहाणा घाला, आणि जा. कीर्तनातून उठलात म्हणून देवी रागावणार नाही. मीही नाही. उठा!